हरलेला माणूस घरी जातो का?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. एप्रिल २००३ मध्ये बगदादमधला सद्दाम हुसेनचा पुतळा पाडल्याचा फोटो पेपरात आला होता. तो कापून मी वर्गातल्या फळ्याशेजारी लावला. एका मुलाने विचारलं, ‘बाई, आता तिथे आपल्यासारखी निवडणूक होणार का?’ मी म्हटलं, ‘होणार.’ निवडणूक झाली, पण पुढच्या बातम्या वाचताना आपण त्या मुलाला अर्धंच उत्तर दिलं, असं वाटत राहिलं. बाहेरच्या देशाने सैन्य घालून हुकूमशहा हटवला, तर तिथे लोकशाही रुजते का? जपान-जर्मनीत रुजली म्हणतात. मग इराकात काय बिघडलं?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, आधी थेट उत्तर देतो. रुजू शकते, पण क्वचित. परकं सैन्य येण्याआधी त्या मातीत काय होतं आणि सैन्य आल्यावर त्यातलं काय शाबूत राहिलं, यावर सगळं ठरतं. अलेक्झांडर डाउन्स आणि जोनाथन मॉन्टेन या अमेरिकी अभ्यासकांनी विसाव्या शतकातली अशी सत्तांतरं तपासून २०१३ मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की, बाहेरून लादलेल्या सत्तांतराने सरासरीने लोकशाहीची शक्यता वाढत नाही. जिथे देश आधीच बऱ्यापैकी सधन होता, समाजात मोठ्या फळ्या नव्हत्या आणि निवडणुकीची, पक्षांची जुनी सवय होती, तिथेच ती तगली.

पण एवढं सांगून तुमचं समाधान होणार नाही, आणि माझंही होत नाही. तेव्हा हा प्रश्न तुमच्या ओळखीच्या जागेवरून पाहू.

मतदान केंद्राची खोली

तीस वर्षं शाळेत काढलीत म्हणजे निवडणुकीची ड्यूटी तुम्हाला चुकली नसणार. आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन साहित्य मोजून घ्यायचं, सांजवेळी नेमून दिलेल्या गावात पोचायचं, शाळेच्याच खोलीत बाकं हलवून केंद्र मांडायचं, पहाटे उठून तयारीला लागायचं. टेबलावर मतदार यादी, शाईची बाटली, पट्टी आणि पेन. समोरच्या एकाच बाकावर एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या दोन पक्षांचे पोलिंग एजंट, आणि दुपारी दोघंही एकाच किटलीतला चहा पितात.

त्या खोलीत तीन गोष्टी आपण इतक्या गृहीत धरतो की त्या दिसतच नाहीत. एक, टेबलावरची यादी दोन्ही एजंटांना मान्य असते. दोन, कोणीही निवडून आलं तरी पुढच्या महिन्यात तुमचा पगार होणार असतो, कारण तुमची नोकरी कुठल्या पक्षाने दिलेली नसते. तीन, जो हरेल तो घरी जाईल, चिडेल, आणि पाच वर्षांनी पुन्हा उभा राहील. कोणी त्याला तुरुंगात टाकणार नाही आणि तोही बंदूक उचलणार नाही. लोकशाहीची मुळं या तीन सवयींत असतात. आता याच कसोटीवर देश लावून पाहू.

जपान आणि जर्मनी

जपान ऑगस्ट १९४५ मध्ये शरण आला आणि अमेरिकेचे जनरल मॅकआर्थर तिथले सर्वेसर्वा झाले. नव्या संविधानाचा मसुदा फेब्रुवारी १९४६ मध्ये त्यांच्या कचेरीतल्या अमेरिकी लोकांनी आठवड्याभरात लिहिला. त्यात स्त्री-पुरुष समानतेचं कलम लिहिणारी बिआटे सिरोटा तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची होती. ती लहानपणी टोकियोत वाढली होती आणि जपानी बायकांचं घरातलं आयुष्य तिने जवळून पाहिलं होतं. परक्यांनी, परक्या भाषेत, इतक्या घाईत लिहिलेलं हे संविधान ३ मे १९४७ पासून लागू आहे आणि त्यातलं एकही कलम आजवर बदललेलं नाही.

यावरून ‘म्हणजे लादलेली लोकशाहीही चालते’ असं वाटणं साहजिक आहे. पण १९४५ चा जपान कोरी पाटी नव्हता. तिथे १८९० पासून संसद होती. १९२५ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला होता. पक्ष होते, वर्तमानपत्रं होती, पक्षीय सरकारं येऊन गेली होती. लष्कराने तीसच्या दशकात हे सगळं चिरडलं, पण ते आठवणारे लोक हयात होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मॅकआर्थर यांनी जपानी प्रशासन मोडलं नाही. युद्धखोर मानलेल्या सुमारे दोन लाख लोकांना सार्वजनिक पदांवरून दूर केलं, पण गावचा कारकून, शिक्षक, पोस्टमन जागेवर राहिले आणि हुकूम जपानी सरकारच्याच तोंडून निघत राहिले. १० एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत जपानी स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिलं आणि ३९ जणी निवडून आल्या.

दुसरी मोठी गोष्ट जमिनीची. जपानमधली जवळपास निम्मी शेतजमीन कुळं कसत होती. नव्या कायद्याने ती सरकारने जमीनदारांकडून विकत घेऊन कसणाऱ्याला दिली आणि काही वर्षांतच कुळांकडची जमीन दहा टक्क्यांच्या आसपास उरली. आपल्याकडे कूळकायद्याने ज्या घरांत सातबारा आला, त्या घरांना हे समजावून सांगावं लागणार नाही. ज्याच्या नावावर जमीन होते, त्याला उद्याचं सरकार कोणतं हा आपला प्रश्न वाटू लागतो. बदल अमेरिकेने सुचवला हे खरं, पण कुठली जमीन कोण कसतो हे ठरवण्याचं काम गावोगावच्या निवडून आलेल्या जमीन समित्यांनी केलं, आणि तिथे कुळांचे प्रतिनिधी जमीनदारांच्या शेजारी बसले.

जर्मनीचंही तसंच. हिटलरच्या आधी तिथे चौदा वर्षं प्रजासत्ताक होतं. ते कोसळलं, पण ते चालवलेली माणसं उरली होती. युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर १९१७ पासून १९३३ पर्यंत कोलोनचे महापौर होते. त्यांचे विरोधक, सोशल डेमोक्रॅट नेते कुर्ट शुमाखर यांनी नाझींच्या छळछावण्यांत सुमारे दहा वर्षं काढली होती. दोघांचं पटत नसे. पण दोघंही एका सभागृहात बसले. सप्टेंबर १९४९ मध्ये आडेनाउअर चॅन्सेलर झाले ते अवघ्या काठावरच्या बहुमताने, आवश्यक तेवढीच २०२ मतं मिळवून. शुमाखर हरले आणि विरोधी बाकावर बसले. पुढे वीस वर्षांनी, १९६९ मध्ये, शुमाखर यांच्याच पक्षाचे विली ब्रांट सत्तेवर आले आणि तेव्हा आडेनाउअर यांचा पक्ष विरोधी बाकावर गेला. जर्मन लोकशाही पक्की झाली ती त्या दिवशी, असं मला वाटतं.

यात एक कडू घोटही आहे आणि तो लपवणं बरोबर नाही. विजेत्यांनी प्रौढ जर्मनांकडून १३१ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला : तुम्ही नाझी पक्षात होता का, कुठल्या हुद्द्यावर, कधीपासून. पण थोड्याच काळात हे काम जर्मन न्यायमंडळांकडे गेलं. बहुतेकांवर ‘नुसते वाहवत गेलेले’ असा शिक्का बसला आणि पन्नासच्या दशकात असंख्य जुने कर्मचारी, न्यायाधीश, शिक्षक परत कामावर आले. छळछावणीतून वाचलेल्या माणसाला खिडकीपलीकडे तोच अधिकारी दिसला असेल, तर त्याच्या मनाचं काय झालं असेल? जर्मन समाजाला या प्रश्नाला तोंड द्यायला पुढची एक पिढी लागली. पण राज्ययंत्र थांबलं नाही. न्याय उशिरा आणि अपुरा झाला, आणि देश उभा राहिला. इराकात नेमकी हीच निवड उलट झाली.

इराक : जे होतं ते मोडलं

९ एप्रिल २००३ ला तुमच्या फोटोतला पुतळा बगदादच्या फिरदौस चौकात पडला. महिन्याभरात अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर आले आणि मे महिन्यातच त्यांचे पहिले दोन हुकूम निघाले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणींतल्या सर्वांना सरकारी नोकरीतून काढलं. दुसऱ्याने सैन्यच बरखास्त केलं.

बाई, पहिल्या हुकुमाचा घाव तुमच्या पेशावर पडला. सद्दामच्या राज्यात बढती हवी, बदली हवी, मुख्याध्यापक व्हायचं, तर पक्षाचं सदस्यत्व घ्यावं लागे. कोणी विश्वासाने घेतलं, कोणी भीतीने, कोणी पोराबाळांसाठी. हजारो शिक्षक एका फटक्यात बाहेर झाले. जर्मनीसारखा ‘तुम्ही स्वतः काय केलंत?’ हा प्रश्न प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारला गेला नाही. श्रेणी पाहिली आणि नाव खोडलं. दुसऱ्या हुकुमाने लाखो सैनिक घरी गेले, शस्त्र चालवण्याचं शिक्षण आणि अपमान सोबत घेऊन. त्यांना महिन्याचे पैसे देण्याची घोषणा नंतर झाली, पण तोवर रस्त्यांवर मोर्चे सुरू झाले होते आणि शस्त्रांची कोठारं उघडी पडली होती.

मग वाटणी आली. जुलै २००३ मध्ये नेमलेल्या २५ जणांच्या शासन परिषदेत १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, एक तुर्कमेन आणि एक ख्रिस्ती अशी मोजणी होती. हेतू बहुधा सगळ्यांना सामावून घेण्याचा असेल. पण त्यातून पायंडा पडला : राष्ट्राध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया, सभापती सुन्नी. संविधानात हे कुठेही लिहिलेलं नाही, तरी तसंच चालतं. इराकी लोक याला ‘मुहासासा’ म्हणतात, म्हणजे हिस्सेवाटप. ते खात्यांपर्यंत उतरलं. आरोग्य खातं एका गटाचं, तेल दुसऱ्याचं. ज्या गटाचं खातं, त्याच्या माणसांना नोकऱ्या. मतदान केंद्रावरची तुमची दुसरी खात्री, नोकरी पक्षाची नसण्याची, तिथे उगवलीच नाही.

रेशनकार्डावरची मतदार यादी

तरीही इराकी माणसाने निवडणूक मनापासून मागितली होती. निवडून आलेल्या इराक्यांनीच संविधान लिहावं, हा आग्रह जून २००३ मध्ये सर्वांत ठामपणे धरला तो नजफचे वयोवृद्ध धर्मगुरू आयातुल्ला अली सिस्तानी यांनी. अमेरिकेला नेमलेल्या लोकांकडून ते काम करून घ्यायचं होतं. शेवटी तिला मतदान घ्यावं लागलं.

मतदान घ्यायचं तर यादी हवी, आणि विश्वासार्ह मतदार यादी कुठेच नव्हती. एक गोष्ट मात्र जवळपास प्रत्येक घरात होती : रेशनकार्ड. १९९० पासूनच्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांत लोक उपाशी मरू नयेत म्हणून सद्दामच्या सरकारने पीठ, तांदूळ, साखर, चहा रेशनवर द्यायला सुरुवात केली होती. वस्तीवस्तीत रेशन दुकानदार, आणि त्याच्याकडे कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव. त्याच नोंदींवरून मतदार यादी तयार झाली आणि २००४ च्या अखेरीस रेशनसोबत लोकांच्या हाती मतदार नोंदणीचे कागद पडले. आपल्याकडे रेशनकार्ड हरवलं तर माणूस कसा कासावीस होतो, हे ज्याने पाहिलंय त्याला या यादीचं मोल कळेल.

३० जानेवारी २००५ ला ८० लाखांहून अधिक लोकांनी मत दिलं. त्या दिवशी बॉम्बस्फोट झाले, माणसं मेली, तरी रांगा हटल्या नाहीत. केंद्रं बहुतेक शाळांतच होती. बाहेर पडताना लोक जांभळ्या शाईत बुडवलेलं बोट वर धरून दाखवत होते. ते बोट ओळखू आलं तर जीव जाऊ शकतो, हे माहीत असूनही दाखवत होते. ‘अरबांना लोकशाहीची आवडच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी ती रांग आठवावी.

पण एक चूक त्या दिवसाच्याच पोटात होती. सगळा देश मिळून एकच मतदारसंघ केला होता. घाई होती आणि मतदारसंघ आखायला वेळ नव्हता. सुन्नी भागांनी भीतीने वा रागाने बहिष्कार टाकला. अनबार प्रांतात मतदान दोन टक्क्यांच्या आसपास झालं. वेगळे मतदारसंघ असते तर थोडक्या मतांतूनही त्यांचे प्रतिनिधी आले असते. इथे अगदी मोजके आले, आणि त्याच सभागृहाने संविधान लिहायला घेतलं. देशाचा एक मोठा भाग पहिल्याच पानावरून गळला. २००६ मध्ये शियांना पवित्र असलेली समाराची मशीद उडवली गेल्यानंतर जे यादवीचं रक्त वाहिलं, त्याची एक धार इथूनही येते.

२०१० ची कसोटी

आता तिसरी सवय : हरलेला घरी जातो का? मार्च २०१० मध्ये इयाद अल्लावी यांच्या आघाडीने ९१ जागा जिंकल्या. सत्तेतले पंतप्रधान नूरी अल्-मलिकी यांना ८९ मिळाल्या. अल्लावी स्वतः शिया, पण त्यांना सुन्नी भागांनी भरभरून मतं दिली होती. पाच वर्षांपूर्वी बहिष्कार टाकणारे लोक यावेळी मतपेटीकडे वळले होते. याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने अर्थ लावला की, सरकार बनवण्याचा पहिला मान असलेला ‘सर्वांत मोठा गट’ निकालानंतर एकत्र येऊनही बनवता येईल. बरेच महिने घासाघीस झाली आणि पंतप्रधान मलिकीच राहिले. कायद्याच्या भाषेत ते बसवता आलं असेल, पण ज्याने जीव धोक्यात घालून अल्लावींना मत दिलं, त्याने यातून काय धडा घेतला असेल? चार वर्षांनी, जून २०१४ मध्ये, ‘इसिस’ मोसुलमध्ये शिरली तेव्हा तिथली फौज लढल्यावाचून विखुरली. त्याची कारणं अनेक आहेत, पण त्या राज्यासाठी मरावं असं किती जणांना वाटत होतं, हे त्यातलं एक नक्कीच आहे.

बाकीच्यांच्या दोन ओळी

पनामात डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेने सैन्य घालून हुकूमशहा नोरिएगाला हटवलं. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यातली निवडणूक गिलेर्मो एन्दारा आधीच जिंकले होते. नोरिएगाने निकाल रद्द केला होता, तोच पुन्हा मान्य झाला. १९९४ मध्ये चक्क नोरिएगाचाच जुना पक्ष निवडणूक जिंकला आणि सत्ता शांतपणे हातातून हातात गेली. परक्यांनी कौल बनवला नाही, लोकांनी आधीच दिलेला मोकळा केला.

लिबियात उलट. गद्दाफीच्या ४२ वर्षांत ना पक्ष, ना संविधान, ना नीट सैन्य. २०११ मध्ये ‘नाटो’च्या विमानांच्या मदतीने तो पडला, जुलै २०१२ मध्ये उत्साहाने मतदानही झालं. पण बंदुका टोळ्यांकडेच राहिल्या. मे २०१३ मध्ये सशस्त्र लोकांनी मंत्रालयांना वेढा घातलेला असताना जुन्या राजवटीतल्यांना पदांवरून बाद करणारा कायदा संमत झाला. पुढच्याच वर्षी देशात दोन सत्ताकेंद्रं उभी राहिली, एक पूर्वेला आणि एक त्रिपोलीत.

आणि इराकातही २००३ चं आरोपण पहिलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात बगदाद घ्यायला निघालेली आणि १९१६ मध्ये कुत इथे उपासमारीने शरण गेलेली ब्रिटिश फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. १९१७ मध्ये बगदाद पडलं तेव्हाही इंग्रज सेनापतीने जाहीर केलं होतं की, आम्ही मुक्त करायला आलो आहोत. मग ब्रिटिशांनी राजा आणला, १९२५ मध्ये संविधान आणि संसद दिली. १४ जुलै १९५८ ला लष्करी उठावात हे सगळं संपलं.

मग जुलमाकडे पाहत बसायचं का?

हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण इथवर वाचून मनात येणारच. १६ मार्च १९८८ ला सद्दामच्या विमानांनी हलब्जा या कुर्द गावावर विषारी वायू सोडला आणि सुमारे पाच हजार माणसं मेली. तिथल्या आईला ‘लोकशाही आतून उगवू दे, थांब’ असं मी सांगू शकणार नाही. कत्तल थांबवण्यासाठी बाहेरच्यांनी हात घालावा का, हा एक प्रश्न आहे. त्या हाताने लोकशाही लावता येते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कधी कधी ‘हो’ असू शकतं. पण ‘आम्ही लोकशाही आणतो’ असं सांगून जो युद्धाला निघतो, त्याच्याकडे यादी कोण करणार, पगार कोण देणार आणि हरणाऱ्याचं काय होणार, याची उत्तरं तयार नसतील, तर तो तिथल्या माणसांच्या जिवावर जुगार खेळतो.

त्या मुलासाठी

इराकची गोष्ट अजून चालू आहे. तिथे २००५ पासून नियमित निवडणुका होतात, पंतप्रधान बदलतात, कोणी तहहयात बसलेला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये पुतळा पडताना जेमतेम जन्मलेली पोरं बगदादच्या तहरीर चौकात उतरली. ‘आम्हाला देश हवा’ ही त्यांची घोषणा होती. हिस्सेवाटप बंद करा, ही मागणी होती. गोळीबारात जखमी झालेल्यांना तीनचाकी रिक्षांतून दवाखान्यात नेत. त्यातल्या पुष्कळ रिक्षा भारतातून गेलेल्या. काही महिन्यांत पाचशेहून अधिक लोक मारले गेले, पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला, निवडणुकीचा कायदा बदलला. हिस्सेवाटप संपलं नाही. पण ती मागणी कुणी बाहेरून आणून दिलेली नव्हती.

बाई, तुम्ही त्या मुलाला खोटं सांगितलं नाहीत. तो आता तिशी ओलांडून गेला असेल. कदाचित तोही शिक्षक झाला असेल आणि पुढच्या निवडणुकीत कुठल्या तरी गावच्या शाळेत ड्यूटीवर असेल. भेटला तर त्याला म्हणा, निवडणूक होणार हे मी सांगितलं होतं, उरलेलं आज सांगते. यादीतली नावं मोठ्याने वाच, दोन्ही एजंटांना ऐकू जाऊ देत. आणि निकालाच्या संध्याकाळी जो हरला, तो घरी गेला का, ते बघ.